खुंटीचा ओढांक

"चौतीस," सरकारी प्राणीडॉक्टर शाल्मली कांबळे म्हणाल्या आणि हातातली आकडे दाखवणारी काच त्यांनी बंदेनवाजसमोर धरली.

बंदेनवाज सतारमेकरनं कानस खाली ठेवली, लुंगीला हात पुसले आणि विचारलं, "शंभरातले का पन्नासातले?"

"शंभरातले, चाचा."

"शाळेत ह्यांनाबी तेवढेच पडायचे," आतून जैबून म्हणाली. जैबून म्हणजे बंदेनवाजची बायको. ती कुठंही असली तरी नवऱ्याची फजिती तिला ऐकू यायची.

जिच्यामुळं ही परीक्षा चालली होती ती खुंटी, बंदेनवाजची पाळीव फेरेट, अर्ध्या कापलेल्या भोपळ्यात उताणी झोपली होती. चारही पाय वर, तोंड उघडं. हातभर लांबीचं मऊ तपकिरी अंग आणि डोळ्यांवर काळा पट्टा. झोपेतसुद्धा ती चोरी करून आल्यासारखी दिसायची.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत फेरेट आले त्याला फार काळ लोटला नव्हता. त्याआधी गल्लीत उंदरांचं राज्य होतं. उंदरांनी विष पचवायला शिकून घेतलं होतं. कंपन्यांनी नवं औषध काढलं की चार महिन्यांत उंदीर ते खाऊन वर मिशा पुसायचे. सतारीचा भोपळा म्हणजे काही बाजारातली भाजी नाही. तो माळ्यावर वर्ष-वर्ष वाळवावा लागतो. आतल्या बियांच्या वासानं उंदीर त्याला एक भोक पाडायचे आणि वर्षाची वाट बघणं फुकट जायचं. दाटीवाटीनं रचलेल्या भोपळ्यांमागं मांजर शिरत नाही. मुंगूस शिरेल, पण तो जंगलचा प्राणी, त्याला घरात ठेवणं गुन्हा. मग सरकारनं फेरेट पाळायला परवानगी दिली. हा हजारो वर्षं माणसाजवळ राहिलेला प्राणी. मनगटाएवढ्या बिळातून आरपार जातो आणि उंदीर मारायची वेळही बहुधा येत नाही, त्याचा नुसता वास आला की उंदीर बिऱ्हाड हलवतात. गल्लीतल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं मुंगसाची मावशी.

परवानगी दिली, पण मोकाट नाही. दुसऱ्या काही देशांत हे प्राणी सुटून माळावर गेले होते आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचा त्यांनी फडशा पाडला होता. आपल्याकडच्या टिटव्यांवर ती पाळी येऊ नये म्हणून कायदा कडक केला होता. पिल्लं होऊ न देण्याची शस्त्रक्रिया झालेलीच हवी, लस टोचलेली हवी, दोरीशिवाय उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, रोज मांस द्यायचं, आणि ते घरातल्याच माणसानं स्वतःच्या हातानं द्यायचं. आणि या सगळ्यांच्या वर ओढांक.

ओढांकाची गोष्ट अशी. आई बाळाला पाजते तेव्हा तिच्या मेंदूतून एक रसायन रक्तात उतरतं. जीव जिवाशी बांधला जातो तो त्याच्यानं. कुत्र्याच्या अंगात मालक दिसल्यावर तेच उतरतं, आणि फेरेटच्याही. शास्त्रज्ञांनी गळ्यात घालायची एक पट्टी केली. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या कातडीत शिरतात, पण प्राण्याला कळतही नाही. कातडीखालच्या ओलाव्यात ते रसायन किती, हे त्या दिवसभर मोजत राहतात. मालकाच्या मनगटावर दुसरी पट्टी. मालक जवळ असताना रसायन किती चढतं आणि नसताना किती उतरतं, यावरून शंभरापैकी आकडा निघतो. पन्नासाच्या वर असेल तर प्राणी माणसाशी बांधलेला आहे, सुटला तरी घरी परत येईल. खाली असेल तर सुटल्यावर परत येण्याची खात्री नाही, म्हणून त्यानं जायचं पुण्याजवळच्या सरकारी फेरेटघरात. दंड नाही, पण सुटकाही नाही.

आकडा निघायला लागल्यावर लोकांची डोकी फिरली. गल्लीतल्या एका नव्या नवरदेवानं फेरेटची पट्टी बायकोच्या मनगटाला बांधली. आकडा काय आला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण बायको बरेच दिवस माहेरी होती. तेव्हापासून फेरेटची पट्टी माणसाला लावणं हाही गुन्हा ठरला.

"मॅडम, काहीतरी चूक असणार," बंदेनवाज म्हणाला. "माझ्या मांडीवर झोपती ही. माझ्या खिशातनं बिस्कीट पळवती."

"चाचा, बिस्कीट पळवणं म्हणजे ओढ नव्हे. आणि बिस्कीट द्यायचंच नाही हो तिला." डॉक्टरांनी काचेवर बोट फिरवलं. त्या तरुण होत्या, पायांत चिखलाचे बूट, बोलणं लाघवी, पण आकड्याच्या बाबतीत हात आखडता. "एक गंमत मात्र आहे. हे बघा. दुपारी तिचं रसायन सारखं आभाळाला भिडतं. तेव्हा तुमची पट्टी जवळ नसते. दुपारी कुठं असते ही?"

"माळ्यावर. झोपलेली असती."

"झोपेत एवढी माया चढत नाही. ती कुणाजवळ तरी जाते. घरात कोण कुठं फिरतं हे बघायला कोर्टानं मनाई केलीय, म्हणून पट्टीला ठिकाण कळत नाही. महिनाभरानं परत मोजते. पन्नास झाले तर ठीक. नाहीतर मला तिला न्यावं लागेल."

त्या गेल्यावर बंदेनवाज भोपळ्यापाशी उकिडवा बसला. "कोण हाय गं तुझं?" त्यानं विचारलं. खुंटीनं एक डोळा उघडला, जांभई दिली आणि कूस बदलली.

त्याला उंदरांची काळजी नव्हती. तिचा वास आता भिंतींत मुरला होता. दोन्ही मुलींची लग्नं होऊन घर रिकामं झालं त्या वर्षी खुंटी आली. तळहातावर मावत होती. सतारीच्या खुंट्या तो घासायला घ्यायचा तेव्हा त्यातली एक घेऊन पळायची, म्हणून हे नाव. ती बाहेर पळू नये म्हणून त्यानं दारात तिवई आडवी टाकायची सवय लावून घेतली होती आणि रोज ती ओलांडताना ठेचकाळायचा. असलं सगळं करून चौतीस?

दुसऱ्या दिवसापासून त्यानं चंग बांधला. सकाळी स्वतःच्या हातानं कच्चं अंडं. मग दुपारपर्यंत तिला गळ्यात घालून काम. तिला झोप यावी म्हणून तंबोऱ्याची एकच तार छेडत बसायचा. जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी कानशीनं घासून सूर मोकळा करताना, तो एरवी कुणाशी बोलत नसे. आता खुंटीशी बोलायचा.

"माझ्याशी बोलला असता असं, तर मीबी पन्नासावर गेले असते," जैबून म्हणाली.

"तू जातीस का? बघू पट्टी लावून?"

"गुन्हा हाय तो. शिवाय कमी आला तर सैपाक कोण करणार, आणि जास्त आला तर तुम्ही डोक्यावर बसणार. राहू दे."

शेजारच्या सज्जातून भूपाल अण्णा हे सगळं बघायचे. अण्णा मगदूम. बँकेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा कॅनडात. घरात माणूस एकच. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन, सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही. फेरेट गल्लीत आले तेव्हा पहिली हरकत त्यांनी घेतली होती. जीव मारणारा जीव शेजारी नको म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या होत्या आणि सही मागायला ते बंदेनवाजच्याच दारात आले होते. बंदेनवाजनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

"काय रे बंदू," अण्णांनी वरून विचारलं, "नेणार म्हणे तिला?"

"आकडा नाही आला तर नेणार. तुम्हाला बरंच की अण्णा. शेजार शुद्ध होईल."

अण्णांना हसू आलं नाही. सज्जाचा गज धरून ते उभे राहिले. "नेऊ नयेत," ते म्हणाले. "म्हणजे... सवय झालीय तिला इथली." आणि गडबडीनं आत गेले.

बंदेनवाज चाट पडला. सह्या गोळा करणारा माणूस, आणि ह्याला खुंटीचा पुळका?

मग शुक्रवार आला. जैबूननं कलेजी धुऊन ताटलीत ठेवली आणि पाणी बंद करायला वळली तोवर दोन तुकडे गायब. माळ्याच्या शिडीवर तपकिरी शेपूट दिसलं आणि दिसेनासं झालं.

"अहो! तुमची लाडकी कलेजी घेऊन पळाली!"

बंदेनवाज शिडीनं वर चढला. फेरेटला खाणं लपवायची सवय असते, हे त्याला ठाऊक होतं. सोफ्याखाली, चपलेत, कुठंही. पण माळ्यावर ती नव्हती. त्यानं एकेक भोपळा बाजूला केला. सगळ्यात मागच्या मोठ्या भोपळ्यामागं, सामाईक भिंतीत, जुन्या पन्हळीचं भोक होतं. मनगटाएवढं. कडा घासून गुळगुळीत झालेल्या. एक-दोनदा जाऊन अशा कडा होत नाहीत.

त्यानं भोकाला कान लावला. पलीकडून आवाज आला, कुक्-कुक्-कुक्. फेरेट आनंदात असला की कोंबडीसारखा असा हसतो. आवाज एकाचा नव्हता.

बंदेनवाज शिडी उतरून तसाच अण्णांच्या दारात गेला. अण्णांनी दार बोटभर उघडलं.

"पूजेला बसलोय."

"दुपारी अडीचला?"

"आज उशीर झाला."

"अण्णा, माझी खुंटी आत हाय. तोंडात कलेजी घेऊन आलीया. तुमच्या घरात."

अण्णांनी डोळे मिटले. दार आपोआप उघडलं गेलं.

आतल्या खोलीत अण्णांच्या बायकोची शिवणाची टोपली होती. तिच्यात जुन्या नऊवारीची घडी, आणि घडीवर दोन फेरेट. एक खुंटी. दुसरी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, मागचा एक पाय किंचित वाकडा. दोघी एकमेकींच्या मानेत तोंडं खुपसून लोळत होत्या. कलेजी संपली होती.

"ही खडीसाखर," अण्णा म्हणाले. नाव सांगताना त्यांचा आवाज असा झाला की बंदेनवाज खालीच बसला.

"बस्तीमागच्या नाल्यात सापडली," अण्णा सांगू लागले. "गळ्यात पट्टी नव्हती. कापून टाकली असेल. आकडा कमी आला की लोक नियमाला भिऊन सोडून देतात रे. पाय सुजलेला होता. घेऊन आलो. दोन दिवसांत बरी झाली की कळवीन म्हटलं. मग ती रात्री उशाशी येऊन झोपायला लागली. किती वर्षांनी त्या बाजूला कुणाचा तरी श्वास ऐकू आला."

"आणि खायला?"

"दूधभात दिला. तूप दिलं. मुगाची डाळ वाटून दिली. तोंड लावीना. हाताला हाडं लागायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर जीव जाणार, आणि जीव वाचवायचा तर दुसऱ्या जिवाचं... मला काही सुचेना. मग एक दिवस तुझी खुंटी भिंतीतनं आली. तोंडात तसलं काहीतरी घेऊन. मी भिंतीकडं तोंड करून णमोकार म्हणत बसलो. वळून बघितलं तर दोघी मिशा पुसत होत्या. तेव्हापासून रोज दुपारी मी भिंतीकडं तोंड करतो."

बंदेनवाजला हसायला येत होतं. म्हणजे आपली खुंटी दुपारी आपलं ताट दुसऱ्याला वाढायला जाते. माया कुठं चढते, ते आता कळलं.

"परवाना काढा की अण्णा."

"कसा काढू? घरातल्या माणसानं स्वतःच्या हातानं मांस देईन, असं लिहून द्यायचं. माझ्या घरात माणूस मी. खोटं लिहून देऊ?"

घरी आल्यावर बंदेनवाजनं जैबूनला सांगितलं. जैबून हिशेबी बाई. "सोपं हाय," ती म्हणाली. "मॅडमला सांगायचं, आमचीचा जीव त्या पांढरीवर हाय. आमची काही सुटून माळावर जाणार नाही. आमची राहील."

"आणि अण्णांची?"

जैबूननं हातातली ताटली खाली ठेवली. बिनपरवान्याची म्हणून खडीसाखर त्याच दिवशी उचलली जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

"एवढं सांभाळलंय म्हाताऱ्यानं," बंदेनवाज म्हणाला. "मी सांगणार नाही."

"मग आपली जाईल."

"माहीत हाय मला!" तो ओरडला आणि ओरडल्याची लाज वाटून कानस घासत बसला.

एक प्रयत्न त्यांनी केला. अण्णा बंदेनवाजच्या कारखान्यात आले. जैबूननं खिम्याचा बोराएवढा तुकडा ताटलीत ठेवला. अण्णांनी रबरी हातमोजा घातला, वरून चिमटा घेतला, तोंड छताकडं केलं आणि म्हणाले, "दे." बंदेनवाजनं तुकडा चिमट्यात धरवला. खडीसाखर मागच्या पायांवर उभी राहिली. अण्णांचा हात पुढं गेला आणि तसाच राहिला. कपाळावर घाम फुटला. खडीसाखर वाट बघून कंटाळली आणि अण्णांच्या धोतराचं टोक चावू लागली.

"नाही होत रे," अण्णा म्हणाले. "चूल पेटवायच्या आधी माझी आई प्रत्येक लाकूड झटकायची. एखादी मुंगी असेल म्हणून. त्या घरातला हात आहे हा."

"ठेवा खाली," बंदेनवाज म्हणाला. त्यानं चिमटा हळूच काढून घेतला. "तुमचा हात हाय तसा बरा हाय."

महिना भरला. डॉक्टर शाल्मली आल्या. काच पुढं धरली.

"अडतीस."

अंडी, तंबोरा, गप्पा, सगळ्याचे मिळून चार गुण.

"आणि दुपारचं रसायन तसंच आभाळाला," त्या म्हणाल्या. "चाचा, तुम्ही शोधलंत? कुठं जाते ती?"

"शोधलं."

"मग?"

"माहीत हाय मला. पण सांगणार नाही."

डॉक्टरांनी काच खाली घेतली. "ते सांगितलंत तर कदाचित मला काही करता येईल."

"एकाचं होईल मॅडम. दुसऱ्याचं जाईल. नको." तो उठला. भोपळ्यातून त्यानं खुंटीला उचललं, तिची पाठ दोनदा चोळली आणि डॉक्टरांनी आणलेल्या पिंजऱ्यात तिला स्वतःच्या हातानं ठेवलं. खुंटीला वाटलं नवा खेळ. पिंजऱ्यात तिनं दोन कोलांट्या मारल्या. जैबूननं पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात दारातली तिवई धडाडली.

भूपाल अण्णा तिच्यावर अडखळून आत आले होते. टोपी वाकडी, कडेवर शिवणाची टोपली.

"त्याचा गुन्हा नाही, माझा आहे," अण्णा धापा टाकत म्हणाले. "खुंटी माझ्याकडं येते. हिच्यासाठी. परवाना नाही, सगळं मान्य. पण बंदूची सोडा."

"अण्णा, कशाला आलात!" बंदेनवाज चिडला. "एवढं मी तोंड शिवून बसलो!"

"तू शिव. मी का शिवू? तुझी पोरगी माझ्यापायी जाणार आणि मी सज्जातनं बघत बसू?"

डॉक्टरांनी टोपलीत डोकावलं. खडीसाखरचा वाकडा पाय हातात घेऊन बघितला. 

"सापडलेला प्राणी लपवणं गुन्हा आहे," त्या म्हणाल्या. "सापडलेला प्राणी आणून देणं गुन्हा नाही. तुम्ही आज आणून दिलात. मी आजचंच बघितलंय. पण आजोबा, परवान्याशिवाय मी ही तुमच्याकडं ठेवू शकत नाही. हातानं मांस द्याल?"

"नाही."

"खोटं तरी लिहाल?"

"तेही नाही."

"मग मी काय करू, सांगा बरं?" डॉक्टर हताश होऊन तिवईवर बसल्या.

पिंजऱ्यातल्या खुंटीला टोपलीचा वास लागला होता. ती जाळीला नाक लावून कुक्-कुक् करत होती. टोपलीतून पांढरं डोकं वर आलं.

"तुम्ही सगळे घर घर करताय," जैबून डोळे पुसत म्हणाली. "माझं घर, तुझं घर. भिंत आपल्याला हाय. ह्या दोघींना कुठं हाय भिंत? त्या मेल्या भोकातनं ये-जा करतात. त्यांना विचारा, त्या म्हणतील आमचं एकच घर."

डॉक्टरांची मान वर झाली.

"भोक? कसलं भोक? बाहेर उघडतं?"

"बाहेर कशाला, अण्णांच्या खोलीत उघडतं."

डॉक्टरांनी काचेवर नियम उघडले. कायद्याच्या सुरुवातीला शब्दांचे अर्थ दिलेले असतात. ती पानं कुणी वाचत नाही, त्यांनीही परीक्षेपुरतीच वाचली होती. त्या मोठ्यानं वाचू लागल्या. "प्राण्याचं घर म्हणजे बंद दार न उघडता आणि उघड्यावर न जाता प्राणी जेवढ्या जागेत फिरू शकतो, ती सगळी जागा मिळून. आणि घरातला माणूस म्हणजे अशा घरात राहणारी कोणतीही सज्ञान व्यक्ती."

हा अर्थ लिहिणाऱ्याच्या डोक्यात वेगळंच होतं. लोक मोठं घर दाखवून परवाना काढायचे आणि फेरेटला मोरीत कोंडायचे. ते चालू नये म्हणून घर प्राण्याच्या पायांनी मोजायचं ठरलं. आता त्याच मापानं एका सतारमेकराचं आणि एका मगदुमांचं मिळून एक घर होत होतं.

डॉक्टर शिडीनं माळ्यावर गेल्या, बॅटरी लावली, मग अण्णांकडं जाऊन तिकडून बघितलं. परत आल्या त्या कपड्यांना जाळी-जळमटं लावून, पण हसत.

"भोक बाहेर कुठं फुटत नाही. नियमात बसतं. आजोबा, तुम्ही आता एकट्याच्या घरात राहत नाही. तुमच्या घरात चाची आहेत, चाचा आहेत. मांस त्यांनी दिलं तरी चालतं. दोघींचा एक परवाना, तात्पुरता. हिला नवी गळपट्टी घालते, आणि महिनाभर तिघांनी मनगटपट्ट्या लावायच्या. तिघांचा मिळून प्रत्येकीचा आकडा पन्नासावर गेला तर कायम. नाहीतर दोघीही जातील, हे आत्ताच सांगते."

अण्णांनी जैबूनकडं बघितलं, जैबूननं अण्णांकडं. "म्हणजे माझ्या घरात शुक्रवारी कलेजी शिजते?" अण्णांनी हळूच विचारलं.

"आणि माझ्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात?" बंदेनवाज म्हणाला. "मरतंय की माणूस भुकेनं!"

तो महिना गल्लीला बरेच दिवस पुरला. सरकारी नोंदीत दोन घरांचा एक पत्ता झाला, तेव्हा कॅनडाहून अण्णांच्या मुलाचा फोन आला. "बाबा, तुम्ही सतारमेकरांकडं राहायला गेलात?" अण्णा म्हणाले, "नाही रे, तेच माझ्याकडं आलेत. भिंतीतनं." मुलानं पत्ता पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावला. बस्तीत दोघातिघांनी कुजबूज केली. अण्णांनी त्यांना घरी बोलावलं आणि खडीसाखरला त्यांच्या मांडीवर ठेवलं. कुजबूज तिथंच थांबली.

भोक बंद केलं तर परवाना जाणार, त्यामुळं वास इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. शुक्रवारी दुपारी अण्णा बस्तीत जाऊन बसायचे. उलट अण्णांची बिनकांद्याची आमटी पुढच्या दारानं बंदेनवाजकडं यायला लागली. पहिल्या दिवशी त्यानं नाक मुरडलं, चौथ्या दिवशी पातेलं पुसून खाल्लं. जवारीचं काम चाललं की अण्णा भोकातून ओरडायचे, "खर्ज उतरलाय रे!" बंदेनवाज ओरडायचा, "तुमचा कान उतरलाय!" आणि मग तार लावून बघायचा. खर्ज खरंच उतरलेला असायचा.

खुंटीला आता कलेजी पळवावी लागत नव्हती. जैबून दोन वाट्या भरायची आणि अण्णा त्या वेळी भिंतीकडं तोंड करायचे. तरीही खुंटी आपल्या वाटीतला एक तुकडा उचलून खडीसाखरच्या वाटीत टाकायची.

मोजणीच्या दिवशी मात्र कुणाला काही सुचेना. अण्णा सकाळपासून उपाशी. बंदेनवाजनं एकच खुंटी तीनदा घासून बारीक करून टाकली. डॉक्टर आल्या. दोघींच्या गळ्यांतल्या पट्ट्या काचेला लावल्या. काच विचार करत राहिली. जैबून पुटपुटत होती, अण्णा पुटपुटत होते. शब्द वेगळे होते, मागणं एकच.

"खुंटी, एक्याऐंशी," डॉक्टर म्हणाल्या. "खडीसाखर, ब्याऐंशी. परवाना कायम."

अण्णांनी टोपी काढून कपाळ पुसलं. जैबून रडायला लागली आणि रडता रडता चहाला आधण ठेवायला धावली. बंदेनवाजनं खुंटीला इतकं घट्ट धरलं की ती कानाला चावली.

मग हळूच तो म्हणाला, "बघितलंत अण्णा? मी रोज तार छेडत होतो त्याचा गुण आला."

"तुझ्या तारेचा?" अण्णा ताठ झाले. "माझ्या टोपलीत झोपतात दोघी. आकडा माझ्या टोपलीचा आहे."

"कलेजी कोण चिरतंय?" आतून आवाज आला. "आकडा माझा हाय."

"अहो, हा आकडा घराचा आहे," डॉक्टर हसून म्हणाल्या. "कुणाचा किती, ते यात कळत नाही. पण हवं तर कळू शकेल. आठवडाभर एका वेळी एकानंच पट्टी लावायची. तुमचा किती, आजोबांचा किती, चाचींचा किती, या दोघींचा एकमेकींवर किती, सगळं वेगळं काढून देते. काढू?"

बंदेनवाजला चौतीस आठवलं. अण्णांनी खडीसाखरकडं बघितलं, ती खुंटीचा कान चाटत होती. जैबून चहाची किटली हातात धरून दारात थांबली.

"नको," बंदेनवाज म्हणाला.

"नको नको," अण्णाही म्हणाले.

"काय करायचंय कळून," जैबून म्हणाली आणि आधी मनगटावरची पट्टी काढून डॉक्टरांच्या पिशवीत टाकली, मग सगळ्यांना चहा ओतला.